नव्या मोटारगाडीतील ऑइलगळती : उगमाचा शोध आणि वॉरंटीचा प्रश्न

मोटारगाडीला दहा-बारा वर्षे झाली की इंजिनाच्या सांध्यांतून ऑइल पाझरणे हे वयोमानाचे लक्षण मानले जाते, कारण धातूच्या दोन भागांमधील फट बुजवणारे गॅस्केट आणि फिरत्या दांड्याभोवती बसवलेले रबरी ऑइल सील हे दोन्ही घटक इंजिनाच्या उष्णतेने हळूहळू कडक होतात व त्यांची लवचिकता संपते. दोन-तीन वर्षांच्या गाडीला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. तिच्यातून ऑइल गळत असेल तर कारखान्यातील जुळणीत कसूर राहिली आहे, एखादा भाग मुळातच सदोष आहे, सर्व्हिसिंग करताना काही चुकले आहे किंवा खालून काही आदळले आहे, यांपैकी एक कारण बहुधा असते. आणि पहिल्या दोहोंची जबाबदारी उत्पादकाकडे, तिसऱ्याची सर्व्हिस सेंटरकडे व चौथ्याची मालकाकडे किंवा त्याच्या विमा कंपनीकडे जात असल्यामुळे, अशा गाडीत गळतीचे निदान करणे म्हणजे खर्च कोणी सोसायचा हेही ठरवणे असते. उगम सापडण्यापूर्वी इंजिन धुऊन टाकले, वरून सीलंट थापले किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये बोल्ट आवळून घेतले, तर हा निर्णय ज्या खुणांवरून करायचा त्याच खुणा नाहीशा होतात.

गाडीखाली दिसलेला प्रत्येक डाग इंजिन ऑइलचा नसतो. एसी चालवून आणलेल्या गाडीखाली साचणारे स्वच्छ पाणी निरुपद्रवी असते. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी द्रव बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड राखणारे मिश्रण असते. चाकाच्या आतल्या बाजूला दिसणारा पिवळसर, बुळबुळीत द्रव ब्रेक ऑइल असू शकतो आणि तसे असल्यास गाडी जागची हलवू नये. इंजिन ऑइल नवे असताना मधाच्या रंगाचे आणि वापरात काळपट असते. पार्किंगच्या फरशीवर जुने डाग मिसळलेले असल्याने रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरावा, त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने आखाव्यात आणि सकाळी डागासह त्याचे छायाचित्र घ्यावे. असा पुठ्ठा द्रवाचा रंग, गळतीचा वेग आणि तिची साधारण जागा या तिन्ही गोष्टी सांगतो.

त्यानंतर इंजिनातील ऑइलची पातळी पाहावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालून काढली असता तिच्यावरील खालच्या व वरच्या खुणांमध्ये ऑइल दिसले पाहिजे. पातळी खालच्या खुणेच्या वर असेल तर सर्व्हिस सेंटरपर्यंत गाडी चालवत नेता येते. डॅशबोर्डवरील ऑइलचा लाल दिवा मात्र बहुतेक गाड्यांत पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चालत्या गाडीत लागला तर सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करणे भाग असते, कारण दाब गेलेल्या इंजिनाची बेअरिंगे फार लवकर खराब होतात. ऑइल एक्झॉस्टच्या तापलेल्या भागावर पडून जळका वास किंवा धूर येत असेल तर आगीचाही धोका संभवतो, तेव्हा अशी गाडी टो करूनच न्यावी. येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, ती अशी की रस्त्यावर सांडलेले ऑइल पहिल्या पावसात पाण्यावर पसरते आणि त्यावरून दुचाकीस्वार घसरतात, म्हणून गळणारी गाडी तशीच फिरवत राहणे हा केवळ मालकाच्या नुकसानीचा प्रश्न नाही.

उगमाचा शोध हा या प्रकरणातील सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. ऑइल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते, शिवाय आजच्या अनेक गाड्यांत इंजिनाखाली प्लॅस्टिकचे आवरण असते व त्यात ते साचून भलत्याच कडेने ठिबकते. त्यामुळे जेथे थेंब लोंबतो तेथेच गळती आहे, हे गृहीतक पुष्कळदा फसवे ठरते. प्रस्तुत लेखकाच्या वापरातील, वॉरंटीच्या मुदतीत असलेल्या गाडीत इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली ऑइल दिसत होते आणि त्यावरून क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाचे ऑइल सील गेले आहे, असे निदान सर्व्हिस सेंटरने केले. हे सील स्वतः स्वस्त असते, परंतु ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवण्यापूर्वी उगम दाखवावा असा लेखी आग्रह धरल्यावर खालचे आवरण काढण्यात आले, ओल्या भागांची छायाचित्रे घेऊन मग ते पुसण्यात आले, ऑइलमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळून गाडी चालवण्यात आली आणि दिव्याखाली पाहता चमकदार ओघळाची सुरुवात थेट वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला, दिसली. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरील झाकण. त्याचे गॅस्केट एका कोपऱ्यात दुमडले गेले होते आणि तेथून सुटलेले ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरत गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी जमत होते. शोध नेहमी वरून खाली करावा आणि सर्वांत उंचावरचा ओला बिंदू उगम मानून पुढे जावे, हा नियम अशाच प्रकारांमुळे महत्त्वाचा ठरतो.

गळती सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाली असेल तर प्रथम दोन जागा पाहाव्यात. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले व त्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन कड्यांमधून ऑइल सुटते. तसेच जुने ऑइल काढण्यासाठीच्या ड्रेन बोल्टखालचे, एकदाच वापरायचे वॉशर पुन्हा घातले किंवा बोल्ट अतिजोराने आवळून आटे गेले, तर तेथून ठिबक लागते. हे दोष सर्व्हिस सेंटरचे असल्याने त्यांचा खर्च ग्राहकावर टाकता येत नाही. ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले गेले आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

या सर्व प्रक्रियेत जॉब कार्ड, म्हणजे गाडी स्वीकारताना सर्व्हिस सेंटर तयार करते ते तक्रारीचे व कामाचे नोंदपत्रक, हा ग्राहकाचा मुख्य आधार होय. त्यावर ‘जनरल चेकअप’ असे लिहिले गेले तर तक्रार झाल्याचा पुरावा उरत नाही. म्हणून गळती कोठे दिसते, केव्हापासून दिसते आणि किती किलोमीटरवर गाडी आणली, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. ‘हा नुसता पाझर आहे, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. सांध्यापाशी नुसती ओल दिसणे आणि थेंब खाली पडणे यांत तांत्रिक फरक आहे हे खरे, परंतु वॉरंटी वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल त्यावर संपते आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ती मुदत उलटून जाऊ शकते, हे ध्यानात घेऊन तो पाझरही छायाचित्रासह नोंदवून घेणे आवश्यक आहे.

गतिरोधकावर किंवा खड्ड्यात ऑइलचे चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे भांडे, आपटून फुटले असेल तर वॉरंटी लागू होत नाही, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा समावेश असलेल्या विम्यातून चेंबरची भरपाई मागता येते. त्यानंतरही गाडी चालवत ठेवल्याने जाम झालेल्या इंजिनाची भरपाई साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तपासणीशिवाय सिद्ध होऊ न शकणारा दोष असेल तर आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अशा वेळी धुण्यापूर्वीची छायाचित्रे आणि ओळीने लावलेली जॉब कार्डे यांचे वजन पडते. दुरुस्ती झाली तरी काढलेले गॅस्केट किंवा सील पाहण्यासाठी मागावे, कोणता भाग बदलला याची नोंद बिलावर घ्यावी आणि काही शे किलोमीटरनंतर खालचे आवरण पुन्हा उतरवून ती जागा कोरडी असल्याचे जॉब कार्डावर लिहून घ्यावे.