सहाशेचं तिकीट, चाळीसची बाटली

मागच्या मे महिन्यात सुट्टीत वरोऱ्याला घरी असताना आम्ही सहा मैत्रिणी नागपूरकडच्या एका वॉटर पार्कला गेलो. (नाव लिहीत नाही. मला भांडायचं नाही, समजून घ्यायचं आहे.) तिकीट ६०० रुपये. गेटवर बॅगा तपासल्या आणि आईने दिलेला पोळी-भाजीचा डबा, पाण्याच्या बाटल्या, सगळं बाहेर ठेवायला लावलं. आत २० रुपये छापलेली बाटली ४० ला. पावभाजी १८०, तीही कोमट. आमच्यातली एक म्हणाली, "मला भूकच नाही."

"काऊन वं, सकाळपासून तर काही खाल्लं नाही तू!"

ती नुसती हसली. तिने तिकिटापुरतेच पैसे आणले होते, हे परतताना बसमध्ये कळलं. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी लिहायची सवय कमी, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी साधा हिशोब. पार्कमध्ये मी खाल्लं ते: पावभाजी १८०, दोन बाटल्या ८०, आईस्क्रीम ६०, एकूण ३२०. हेच वरोऱ्यात बस स्टँडजवळ साधारण १५० मध्ये झालं असतं. म्हणजे १७० रुपये जास्त. तेव्हा तिकीट ६०० चं नव्हतंच, ते ७७० चं होतं. फक्त १७० आत गेल्यावर मागितले.

आता असं का होतं? आपल्याकडची चंद्रपूरची महाकालीची यात्रा आठवा. चैत्रात भरते, मराठवाड्यातूनही भाविक येतात, झरपट नदीवर आंघोळ करतात. तिथेही आकाशपाळणा असतो. पण गुपचुपवाल्याने भाव वाढवला तर आपण दोन पावलं पुढे जातो, दुसरा ठेला उभाच असतो. शिवाय बरेच लोक शिधा घरूनच आणतात आणि तिथेच चूल मांडतात. यात्रेला गेट नाही. पार्कला गेट आहे, आणि माझ्या मते पावभाजीचा भाव बटाटा-टोमॅटोवर कमी आणि त्या गेटवर जास्त ठरतो.

अर्थशास्त्रात याला दोन भागांची किंमत म्हणतात: आत येण्याची एक आणि आत वापराल त्याची वेगळी. वॉल्टर ऑय या अर्थशास्त्रज्ञाचा १९७१ चा यावरचा निबंध प्रसिद्ध आहे आणि त्यात उदाहरण चक्क डिस्नेलँडचंच आहे. सगळे गिऱ्हाईक सारखे असतील तर मालकाने आतल्या वस्तू खर्चाच्या भावात द्याव्या आणि सगळा नफा गेटवर घ्यावा. पण गिऱ्हाईक सारखे नसतात. तेव्हा गेट थोडं स्वस्त ठेवून आत भाव चढवणं फायद्याचं ठरू शकतं. त्यात माझी भर एवढीच, की तिकिटाची तुलना आपण घरी बसून फोनवर करतो, पावभाजीची कोणीच करत नाही. डिस्नेलँडची अजून एक गंमत. १७ जुलै १९५५ ला ते सुरू झालं तेव्हा प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे झाले नव्हते. लोकांना वाटलं, कोल्ड्रिंक खपवायची युक्ती आहे! म्हणजे संशय जुनाच.

मालकाचीही बाजू आहे. आपल्या भागात वॉटर पार्क एप्रिल ते जून भरतात, पावसाळ्यात ओस पडतात. स्टॉल ठेक्याने दिला असेल तर ठेकेदाराला वर्षाचं भाडं काही रविवारांतच काढायचं असतं. महाग का, हे यातून थोडंफार पटतं. कोमट का, हे पटत नाही.

कारण कोमट हाच खरा धोका. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ च्या खाली ठेवायला पाहिजे. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडचा मे म्हणजे ४५ अंश! गर्दीच्या आधी भाजी शिजवून मोठ्या भांड्यात तीन तास ठेवली की संपलं. तेलाचंही तसंच. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात पोलर कंपाऊंड वाढतात. १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, हे मोजणारं मीटर तेलाच्या डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवर चालतं. मीटर नसेल तर डोळे वापरा: काळपट रंग, फेस, लवकर निघणारा धूर. स्टॉलवर १४ आकडी परवाना क्रमांक लावलेला दिसतो का, तेही बघा. (यात्रेतली धुळीतली भजी यात पास होतील, असं मी म्हणत नाही.)

कायदा काय म्हणतो? दुकानदाराला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. एकाच वस्तूवर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापणंही १ जानेवारी २०१८ पासून बंद झालं. पण डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटला बाटलीवर एमआरपीचं बंधन नाही, कारण ते सेवाही देतात. मग काउंटरवरून नुसती बाटली हातात देणारा पार्कमधला स्टॉल दुकान की रेस्टॉरंट? मला तर दुकानच वाटतं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

डब्याचं मात्र अवघड आहे. जुलै २०१८ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं नेता येईल असं जाहीर केलं होतं. पण ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सिनेमागृहांना बाहेरचं खाणं अडवता येतं असा निकाल दिला. पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावंच लागेल, हेही त्यात आहे. निकाल सिनेमागृहांचा आहे, पण पार्कवाल्याला पाण्याबद्दल विचारायला आपल्याला कोण अडवतं?

म्हणून यावर्षीच्या हॉस्टेल ट्रिपसाठी मी दोन पार्कना फोन केला. पिण्याच्या पाण्याचा नळ आहे का, जेवणासकट तिकीट आहे का, डबा ठेवायला गेटजवळ जागा आहे का, एवढं विचारलं. एकाने नीट उत्तरं दिली, दुसऱ्याने "मॅडम, येऊन बघा" म्हणून फोन ठेवला. ट्रिपची वर्गणी जेवण धरूनच सांगावी, नुसत्या तिकिटाचा आकडा नोटीस बोर्डवर लावू नये, असं मी कमिटीला लेखी दिलं आहे. मेसवाल्या काकांनी पन्नास डबे करून द्यायची तयारी दाखवली आहे, फक्त आदल्या दिवशी दुपारपर्यंत नावं पाहिजेत.