पडण्याआधी काय चाललं होतं?

चक्कर येऊन पडलेला रुग्ण समोर आला की डॉक्टर लगेच गोळी लिहून देत नाही. पडण्याआधी काय चाललं होतं, ते विचारतो. उभ्याउभ्या पडलात की बसल्या जागी? उपाशी होतात का? आधी घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, की काही कळायच्या आतच कोसळलात? निम्मं निदान या उत्तरांत असतं, कारण पडणं हा आजार नव्हे, आजाराची खूण आहे. घरचा डेस्कटॉप काम करता करता आपोआप रिस्टार्ट होऊ लागला की मात्र आपल्याला यातलं काहीच आठवत नाही. इलाज आधीच ठरलेला असतो: ‘फॉरमॅट मारून टाका.’ वाचकहो, एरवी या सदरात माणसांच्या तक्रारी असतात. आज यंत्राची घेतो आहे, कारण चूक अगदी तीच आहे. तपासणीआधी दिलेलं जालीम औषध लागू पडलं तरी कशावर लागू पडलं हे कळत नाही, आणि नाही पडलं तर रोग्याची सगळी कागदपत्रं मात्र पुसली गेलेली असतात.

मूर्च्छा आली की माणूस आडवा होतो आणि त्यामुळेच मेंदूला पुन्हा रक्त मिळू लागतं. संगणकाचं रिस्टार्ट होणंही पुष्कळदा असाच बचाव असतो. एसएमपीएस, म्हणजे संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे देतो आणि त्यासोबत ‘वीज ठीक आहे’ असा एक संकेत सतत पाठवत असतो. हा संकेत क्षणभर तुटला की मदरबोर्ड सगळं थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. प्रोसेसर फार तापला, साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, की आधी वेग कमी करतो. तरीही ताप उतरला नाही तर यंत्र बंद पाडतो. तिसरी तऱ्हा विंडोजची: आतल्या गाभ्यात गंभीर चूक सापडली की निळा पडदा दाखवून स्वतःच रिस्टार्ट व्हायचं, ही तिची मुळातली सेटिंग आहे. बाहेरून तिन्ही प्रसंग जवळजवळ सारखे दिसतात, कारणं मात्र तीन टोकांना.

ती वेगळी ओळखायची तर यंत्र कधी आणि कसं पडलं याची रोजनिशी हवी. ‘रोजनिशी कोण लिहीत बसणार?’ असं कुणी म्हणेल. लिहावी लागत नाही. विंडोज ती लिहीतच असते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टम लॉगमध्ये रिस्टार्टच्या वेळेच्या नोंदी पाहा. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर एखाद्या प्रोग्रॅमने किंवा अपडेटनेच रिस्टार्ट करवलं. हा आजार नाही, फार तर वाईट खोड. ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसली की लोक घाबरून तोच रोग समजतात. वास्तविक ‘रुग्णाला बेशुद्धावस्थेत आणलं’ या केसपेपरवरच्या ओळीपेक्षा त्या नोंदीत जास्त काही नाही: यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला चूक नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे संशय विजेवर, उष्णतेवर किंवा एखाद्या सुट्या भागावर जातो. कोड असेल तर तो टिपून ठेवा. एकच कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर ड्रायव्हर तपासा, दर खेपेला नवा येत असेल तर रॅम. आणि सिस्टम प्रॉपर्टीजमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढून टाका, म्हणजे निळा पडदा वाचता येईल इतका वेळ थांबेल.

यापुढची चाचणी फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची. यंत्र सुरू करून बायोसच्या पडद्यावर जा आणि अर्धा तास तसंच ठेवा. तिथे विंडोज अजून आलेलीच नसते. तिथेही रिस्टार्ट झालं तर विंडोज निर्दोष सुटली, आणि फॉरमॅटचा मुद्दा तिथेच संपला. उलट निष्कर्ष मात्र काढू नका. बायोसमध्ये यंत्र शांत राहिलं म्हणून हार्डवेअर निरोगी ठरत नाही, कारण तिथे त्याच्यावर भारच नसतो. चालताना छातीत दुखतं म्हणणाऱ्याचा झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून त्याला घरी पाठवत नाहीत, ट्रेडमिलवर चालवतात. इथे ट्रेडमिल म्हणजे गेम, व्हिडिओचं काम, किंवा रॅमसाठी पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवलेला मेमटेस्ट. भार चढला की पडतं असं दिसलं, तर संशय उष्णतेवर आणि दमलेल्या एसएमपीएसवर जातो.

विजेबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडे तिची चौकशी सर्वांत शेवटी होते. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पूर्ण भारावर चांगला एसएमपीएससुद्धा वीज गेल्यावर जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. म्हणजे पावसाळ्यात ट्यूबलाइट नुसती लुकलुकली, पंख्याला कळलंही नाही, तरी संगणक पडू शकतो. यूपीएस आहे ना, असं म्हणाल. पण त्यातली बॅटरी काही वर्षांत मरते आणि दिवा हिरवाच राहतो. वीज सुरळीत असते तोवर मेलेल्या बॅटरीचा पत्ता लागत नाही. म्हणून रिस्टार्टची वेळ आणि घरातला पंप किंवा फ्रिज सुरू होण्याची वेळ ताडून पाहा. एक्स्टेन्शन बोर्डात ढिला बसलेला प्लग, हेदेखील क्षुल्लक वाटणारं पण खरं कारण आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप अनुभवाचा: ‘फॉरमॅट केलं आणि बरं झालं की!’ झालं असेल. पण त्यासाठी कॅबिनेट दुकानात गेला, तिथे ब्लोअरने धूळ उडवली, रॅम काढून खोडरबराने पुसून पुन्हा घट्ट बसवली, आणि संगणक घरच्या सॉकेटऐवजी दुकानातल्या सॉकेटवर चालला. एकदम चार उपचार झाले आणि श्रेय एकाला गेलं. विंडोज नवी असल्याने पहिले काही दिवस भारही हलका असतो. दुसरा आक्षेप व्हायरसचा. तो निराधार नाही: २००३च्या ब्लास्टर आणि २००४च्या सॅसर या कृमींनी साठ सेकंदांची उलटी गणती दाखवून जगभरची यंत्रं बंद पाडली होती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक ठप्प केले, त्यांतले पुष्कळ सुरू होताहोताच पुन्हा पडत होते. पण या साथी होत्या. एकाच वेळी, एकाच तऱ्हेने, गावोगावची यंत्रं आजारी पडली. गल्लीत तुमचा एकच संगणक पडत असेल आणि तोही दुपारच्या उकाड्यात, तर साथीपेक्षा पंख्यात अडकलेली धूळ जवळची.

उपचार एका वेळी एकच करा, आणि त्याआधी कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. आधी भिंतीतला सॉकेट बदलून, यूपीएस वगळून पाहा. मग प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून धूळ उडवा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालवा. इतकं करूनही भागलं नाही तर ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस जोडून पाहा, पण तुमचा जुना एसएमपीएस उघडू नका: प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार काही काळ शिल्लक राहू शकतो, आणि तो धक्का बसलेला रुग्ण या सदरातून बरा करता येत नाही. एसएमपीएसमधून जळका वास आला, की प्लग काढा आणि त्याला थेट दुकान दाखवा. सोबत रिस्टार्टच्या वेळा आणि टिपलेले कोड एका कागदावर लिहून न्या.