साखरेची शुद्धता आणि पाहणारा डोळा

शुद्ध साखर कशी ओळखावी, असा प्रश्न आम्ही एकदा वर्गात विचारला. "पांढरी असेल ती शुद्ध," असे एका मुलाने सांगितले आणि आम्हीही ते बरोबर म्हणून फळ्यावर लिहिले. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, "सर, ईदच्या शीरखुर्म्यात साखर विरघळून दिसेनाशी होते. मग ती शुद्ध की अशुद्ध?" आम्ही फळा पुसला. त्या पुसलेल्या उत्तराच्या जागी काय लिहावयास हवे होते, ते तेरेखोलच्या आपल्या कुटुंबांसाठी येथे मांडीत आहोत.

शुद्धता हा रंग नव्हे, ते एक प्रमाण आहे. समजा, १०० किलो उसाच्या रसात २० किलो घन पदार्थ विरघळलेले आहेत आणि त्यांपैकी १७ किलो साखर आहे. तर त्या रसाची शुद्धता शेकडा ८५ झाली. उरलेल्या ३ किलोंत क्षार, आम्ले, गोंदासारखे पदार्थ असतात. ते नुसते सोबत राहात नाहीत. काही साखरेस दाणाच धरू देत नाहीत आणि ती साखर शेवटी मळीत वाहून जाते. रस शुद्ध करावयाचा तो यासाठी.

गुऱ्हाळावरील गुळव्या हेच काम भेंडीच्या चिकट पाण्याने करतो. काहिलीत आलेली घाण त्या चिकटपणात अडकते व वर येते. ती झाऱ्याने काढतात. कारखान्यात हे काम चुना करतो. रस आंबट राहिला तर तापवताना साखर मोडून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. चुन्याने आंबटपणा जातो आणि गाळही धरतो. आपल्या बहुतेक कारखान्यांत चुन्याबरोबर गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात.

युरोपात साखर बीट नावाच्या कंदापासून होते. बीटात साखर आहे हे मार्ग्राफ या जर्मन शास्त्रज्ञाने १७४७ मध्ये दाखविले. बीटाचे काप गरम पाण्यात ठेवून रस काढतात, त्यात चुना घालतात आणि मग कर्बद्विप्राणिल वायू सोडतात. चुन्याची पांढरी भुकटी बनते, ती अशुद्ध द्रव्ये आपल्या अंगावर ओढून घेते व गाळणीत अडकते.

हा प्रयोग घरी होतो. आपल्याकडे शिंपल्यांचा चुना भाजण्याची जुनी रीत आहे. चुना पाण्यात कालवून स्थिर होऊ द्यावा व वरची स्वच्छ निवळी पेल्यात घ्यावी. तीत नळीने हळूहळू श्वास फुंकावा. पाणी दुधासारखे होते. तीच ती भुकटी! मात्र नळीतून ओढू नये आणि मोठ्यांनी जवळ राहावे.

शुद्ध झालेला रस आटवला की दाणे धरतात. नदीपलीकडे नव्हे, आपल्याच बाजूच्या शिरोड्यास १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. तेथील मिठागरात ऊन जे काम करते, तेच कारखान्यात निर्वात कढई करते. दाणा केवढा झाला हे पाहण्यास कढईवरील कामगार थोडासा पाक काचेवर घेऊन उजेडात धरतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेला तो डोळा असतो.

आता त्या डोळ्याच्या जोडीस कॅमेरा आला आहे. कॅमेऱ्याचे चित्र म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनास अंक असतो: पूर्ण काळ्यास ०, पूर्ण पांढऱ्यास २५५. समजा, १२० च्या वरचे अंक दाण्याचे मानले; मग एकमेकांस लागून असलेले तसे चौकोन मोजले की दाण्याचा आकार कळतो. हीच संगणकाची चित्रप्रक्रिया. काळ्या पाटीवर साखरेचे दाणे पसरून फोनने छायाचित्र घ्या व मोठे करून पाहा. आपल्या साखरेच्या प्रतीतील एस, एम, एल ही अक्षरे दाण्याच्या आकाराचीच आहेत.

पण कॅमेरादेखील फसतो. उजेड बदलला की अंक बदलतात. दोन दाणे चिकटले की त्यास एकच दिसतो. आणि पांढऱ्या दाण्यात साखर किती, हे त्यास सांगता येत नाही. त्यासाठी ध्रुवित प्रकाश साखरेच्या पाण्यातून पाठवून तो किती वळतो हे मोजावे लागते. आमच्या विद्यार्थिनीचे उत्तर ते हे होय.

हे मोजमाप शेतकऱ्याच्या पोटाशी बांधलेले आहे. २०२४-२५ च्या हंगामात उसाचा सरकारी दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये होता आणि कारखान्याचा उतारा त्यावर दशांश टक्क्याने वाढल्यास ३ रुपये ३२ पैसे अधिक. ५० टन ऊस घालणाऱ्यास त्या दशांशाचे १,६६० रुपये होतात. मापात चूक झाली, तर ती एखाद्या घरातील मुलाच्या वह्यापुस्तकांपर्यंत पोहोचते. गोव्यातील एकमेव कारखाना, धारबांदोड्याचा संजीवनी, याचे गाळप २०१९ नंतर थांबले. तेथील शेतकऱ्यांस आपला ऊस दूरच्या काट्यावर नेण्याची वेळ आली. अशा वेळी काटा, उतारा, टक्केवारी या शब्दांचा अर्थ ज्याच्या घरी कळतो, तो निदान योग्य प्रश्न तरी विचारू शकतो.

म्हणून पालकांस आमची विनंती, की मुलाने "हे कशावरून?" असे विचारल्यास रागावू नये. आम्हांस त्या प्रश्नाने फळा पुसावा लागला खरा. पण धडा त्यानंतरच सुरू झाला.