इन्टेक मॅनिफोल्डची गळती व तिची दुरुस्ती

रोहा तालुक्यातील धाटाव व कुंडलिका नदीच्या खोऱ्यातील इतर गावे यांच्या शेतीला वर्षातून दोनदा घाई असते. पहिली घाई आषाढातील चिखलणीची. दुसरी घाई भाताची कापणी आटोपल्यानंतर, उन्हाळी भाताची जमीन तयार करण्याची. मुळशी धरणाचे पाणी १९२७ साली सुरू झालेल्या भिरा येथील वीजगृहातून कुंडलिकेत उतरते व डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळते. हे पाणी खाचरात येण्यापूर्वी कोरड्या जमिनीची नांगरट व्हावी लागते. याच सुमारास झोडणीही चालू असते. पावसाळ्यात ट्रॅक्टर धुतलेली हवा ओढतो. या दिवसांत मात्र तो माती, तूस व पेंढ्याचा भुगा यांनी भरलेली हवा ओढतो, आणि इंजिनाचे आयुष्य वाढेल की घटेल हे बहुतांशी याच दिवसांत ठरते.

ही हवा किती असते याची कल्पना पुष्कळांना नसते. अडीच लिटर आकारमानाचे चार-स्ट्रोक डिझेल इंजीन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर ते दर मिनिटाला सुमारे २००० लिटर, म्हणजे तासाला सुमारे १२० घनमीटर हवा आत घेते. ही सर्व हवा प्रथम एअर क्लीनरमधून, नंतर रबरी नळीतून व शेवटी इन्टेक मॅनिफोल्डमधून प्रत्येक सिलिंडरकडे जाते. मॅनिफोल्ड म्हणजे एका तोंडाने हवा घेऊन ती सर्व सिलिंडरांना वाटून देणारी बिडाची अथवा ॲल्युमिनियमची नळी होय. ती इंजिनाच्या हेडला स्टड व नट यांनी जखडलेली असते व दोहोंमध्ये गॅस्केट असते. एअर क्लीनरच्या पुढे कोठेही फट पडली, तर तेथून शिरणारी धूळ कोणीच अडवीत नाही. दाराला कुलूप लावावे आणि मागची भिंत पडलेली असावी, तसा हा प्रकार आहे.

पेट्रोलचे व डिझेलचे इंजीन या बाबतीत अगदी भिन्न रीतीने वागतात, व हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच मोठे नुकसान होते. जीप किंवा मोटारीच्या पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डमध्ये जोराचे शोषण असते. तेथे फट पडली की जादा हवा शिरते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते व इंजीन लगेच तक्रार करते. ते मंद गतीवर अडखळते, सकाळी लवकर सुरू होत नाही, जुन्या गाडीत कार्बोरेटरमधून शिंका देते, आणि जवळ कान नेल्यास बारीक शीळ ऐकू येते. मालक गाडी दुरुस्तीला नेतोच.

ट्रॅक्टरचे साधे डिझेल इंजीन अशी तक्रार करीत नाही. त्याला जादा हवेचे वावडे नसते. फटीतून आलेल्या हवेवरही ते पूर्ववत चालते, नांगर ओढते. त्या हवेबरोबर आलेली माती मात्र तेलात मिसळून सिलिंडरचे लायनर व पिस्टनच्या रिंगा एखाद्या सहाणेप्रमाणे घासत राहते. पुढे इंजीन तेल खाऊ लागते, ब्रीदरमधून धूर येतो, थंडीत सुरू होण्यास वेळ लागतो. ही लक्षणे दिसू लागली तेव्हा झीज होऊन गेलेली असते. एका गॅस्केटच्या दुर्लक्षाचे मोल मग लायनर, पिस्टन व रिंगांच्या किमतीने चुकवावे लागते. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोच्या पुढे हवा दाबाखाली असल्याने ती फटीतून बाहेर फुसफुसते, जोर कमी होतो व काळा धूर येतो. धूळ शिरण्याची जागा तेथे टर्बोच्या अलीकडील नळी ही असते.

सबब डिझेल इंजिनाची तपासणी लक्षणांची वाट न पाहता करावी. इंजीन बंद करून मॅनिफोल्डच्या तोंडाची रबरी नळी काढावी व आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर मातकट पट्टा उठला तर गळती आहे असे निश्चित समजावे. ती कोठे आहे हे पाहण्यासाठी नळी पुन्हा जोडावी, इंजीन मंद गतीवर चालवावे व जळती उदबत्ती सांध्याजवळून हळूहळू फिरवावी. धूर जेथे आत ओढला जाईल तेथे फट आहे. पेट्रोलच्या गाडीजवळ मात्र उदबत्ती चुकूनही नेऊ नये. तेथे ब्रशने साबणाचे पाणी लावावे; फटीपाशी फेस आत ओढला जातो व इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. काही कारागीर सांध्यावर पेट्रोल शिंपडून पाहतात. ही पद्धत तप्त इंजिनावर आग लावणारी आहे. डिझेल इंजिनावर तर कोणताही ज्वलनशील पदार्थ फवारू नये, कारण तो आत गेल्यास इंजीन बेफाम धावू शकते.

मॅनिफोल्ड खोलण्याची घाईही करू नये. पुष्कळदा दोष रबरी नळीत असतो. ती क्लिपेखाली चिरते, किंवा क्लिप सैल होते. नळी वाकवून पाहावी, म्हणजे मिटलेली चीर उघडी पडते. नळी निर्दोष ठरली तरच पाना हाती घ्यावा.

कोकणच्या दमट हवेत मॅनिफोल्डचे नट गंजून बसतात. जोर लावताच स्टड तुटतो, आणि मग अर्ध्या दिवसाचे काम चार दिवसांचे होते. यास्तव आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडविणारे तेल सोडावे. दुसऱ्या दिवशी, इंजीन पूर्ण थंड असताना, प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. ब्रशने सांध्याभोवतीची माती झाडून काढावी, नाही तर खोलताना तीच आत पडेल. डिझेलच्या नळ्या आड येत असल्यास त्या सोडवून त्यांची तोंडे झाकावीत. काही मोटारींच्या मॅनिफोल्डमधून रेडिएटरचे पाणी खेळते. तेथे पाणी आधी काढून घ्यावे. नट दोन्ही टोकांकडून मध्याकडे येत, प्रत्येकी अर्धा फेरा असे सैल करावेत. एकच नट पूर्ण काढून दुसऱ्यास हात घातल्यास मॅनिफोल्ड पिळवटते. ते चिकटून राहिले तर लाकडी हातोडीने हलके ठोकावे. फटीत पेचकस घालून उचकटू नये.

मॅनिफोल्ड निघताच हेडमधील सर्व भोकांत स्वच्छ फडकी कोंबावीत व ती मोजून ठेवावीत. एखादा नट किंवा वायसर आत गेल्यास व्हॉल्व्ह व पिस्टन दोन्ही फुटतात. जुने गॅस्केट बोथट पातीने खरवडावे. जुन्या गाडीचे गॅस्केट ॲस्बेस्टॉसचे असण्याचा संभव असतो, म्हणून ते पाण्याने ओले करूनच काढावे व त्याची पूड फुंकू नये. पॉलिश कागद वापरण्याचा मोह टाळावा. त्याचे कण आत गेले, तर ज्या धुळीसाठी हा खटाटोप केला तिच्याहून वाईट वस्तू आपणच आत घातली असे होईल.

आता मॅनिफोल्डचा पृष्ठभाग पाहावा. त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी व तिरकी ठेवून खाली फीलर गेजची पाती सरकविण्याचा प्रयत्न करावा. किती फट चालेल हे इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते; पुस्तिका हाताशी नसल्यास ०.१ मिलिमीटरची पाती शिरली तरी संशय धरावा. पृष्ठभाग वाकला असेल तर तो यंत्रावर सपाट करून घ्यावा. दोन गॅस्केटे किंवा लुकणाचा जाड थर देऊन काम भागविणे म्हणजे तीच दुरुस्ती पुढील हंगामात पुन्हा करणे होय. चीर शोधण्यासाठी मॅनिफोल्डला रॉकेल लावून ते कोरडे पुसावे व खडूची पूड चोळावी. चीर असल्यास आत मुरलेले रॉकेल वर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते.

नवे गॅस्केट त्याच इंजिनाचे असावे. पोस्टकार्ड, ट्यूबचा तुकडा, जुनी लग्नपत्रिका यांतून कापलेली पॅकिंगे खेडोपाडी अद्याप दिसतात. ती काही दिवस टिकतात, मग आक्रसतात, आणि डिझेल इंजीन गप्प राहत असल्याने त्यांचा पत्ता लागत नाही. गॅस्केटची भोके हेडच्या भोकांशी जुळतात का हे बसविण्यापूर्वी पाहावे. फडकी मोजून बाहेर काढावीत. नट आता उलट क्रमाने, म्हणजे मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत व शेवटचा जोर पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने द्यावा. अंगच्या बळाने आवळल्यास ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे निघून येतात.

इंजीन सुरू करून उदबत्तीची अथवा साबणाच्या पाण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. डिझेल इंजिनाचे तेल व फिल्टर त्याच वेळी बदलावेत, कारण आजवर शिरलेली माती जुन्या तेलात असते. हे सारे काम आगोटीपूर्वी, वैशाखात करून ठेवल्यास लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधावर उभा राहत नाही. नांगरटीपूर्वी, कार्तिकात, नळी व क्लिपा एकदा पुन्हा पाहाव्यात. पावसाळ्यात त्या गंजलेल्या व सैल झालेल्या असतात.