बुद्धिबळाची आज्ञावली : संगणक-भाषा कोणती निवडावी ?

परभणी जिल्ह्यातील चुडाव्यासारख्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याने उद्या विचारले, ‘‘बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली मला लिहायची आहे; कोणती संगणक-भाषा शिकू ?’’ तर शिक्षकांनी काय सांगावे ? ‘‘जी सर्वांत वेगवान ती’’, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. परंतु त्या उत्तराने होतकरू मूल पहिल्याच पायरीवर थबकण्याचा संभव असतो.

विचार आधी, भाषा नंतर

ॲलन ट्युरिंग यांनी बुद्धिबळाची आज्ञावली रचली, तेव्हा ती चालवू शकेल असा संगणक त्यांच्याजवळ नव्हता. १९५२ मध्ये त्यांनी स्वतःच कागदावर आकडेमोड करून तिच्यानुसार एक डाव खेळून पाहिला. तो डाव हरला. पण आज्ञावली ही प्रथम विचारांची मांडणी असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

वेग कशाने वाढतो ?

‘स्टॉकफिश’ ही आजची बलाढ्य आज्ञावली ‘सी प्लस प्लस’ भाषेत आहे. पटावरील ६४ घरे ६४ अंकस्थानांच्या एकाच द्विमान संख्येत मांडून ती झपाट्याने हिशेब करते. ‘पायथन’ भाषा अनेक पटींनी मंद, पण शिकण्यास सोपी आहे.

मात्र पद्धतीचा लाभ भाषेच्या लाभाहून मोठा असू शकतो. प्रत्येक वेळी ३५ चाली शक्य आहेत असे मानले, तर चार चालींनंतर सुमारे १५ लाख स्थिती तपासाव्या लागतात. एखादी चाल प्रतिपक्षाच्या एकाच उत्तराने निकृष्ट ठरली, तर तिची उरलेली उत्तरे पाहण्याचे कारण नसते. या ‘अल्फा-बीटा’ छाटणीमुळे चाली उत्तम क्रमाने तपासल्यास हेच काम सुमारे अडीच हजार स्थितींत होते.

पडताळणीचे साधन

नियम अचूक उतरले की नाही, हे मोजून पाहता येते. आरंभीच्या मांडणीपासून पहिली चाल २० प्रकारे होते. दोन चालींचे ४००, तीन चालींचे ८,९०२ आणि चार चालींचे १,९७,२८१ क्रम होतात. संख्या जुळली नाही तर चूक आहे, हे निश्चित. किल्लेकोटासारखे नियम मात्र वेगळ्या स्थिती मांडून तपासावेत. एवढी मोजणी पायथनमध्ये साध्या संगणकावरही होते.

शिक्षकांसाठी

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांना ‘घोडा’, ‘उंट’, ‘वजीर’ अशी देवनागरी नावे देता येतात. मूळ आज्ञा इंग्रजीत राहिल्या, तरी विचार मातृभाषेत मांडता येतो. म्हणून नवशिक्याने पायथनने आरंभ करावा. नियम अचूक झाले, छाटणी साधली आणि तरीही वेग अपुरा वाटला, तर तीच रचना सी प्लस प्लसमध्ये उतरवावी. ज्या भाषेत विद्यार्थ्याला स्वतःची चूक शोधता येते, तीच त्याच्यासाठी पहिली योग्य भाषा होय.