धर्म निवडण्याचा हक्क आणि सक्तीची ओळख
(अभ्यासपाठ)



नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "बापजाद्यांचा धर्म सोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" याचे उत्तर घरातील लहानथोर सर्वांना देता आले पाहिजे. त्यासाठी आजचा पाठ आहे.

१. जगाने मान्य केलेला हक्क

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक माणसाला विचाराचे, सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचे स्वातंत्र्य आहे, आणि धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य त्यातच येते. 'बदलण्याचे' हा शब्द वादाशिवाय आलेला नाही. सौदी अरेबियाने त्याला हरकत घेतली. लेबनॉनचे चार्ल्स मलिक यांनी तो लावून धरला आणि तो टिकला. परमपूज्य बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा केली ती १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, म्हणजे या जाहीरनाम्याच्याही तेरा वर्षे आधी!

जाहीरनाम्यानंतर १९६६ साली नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७९ साली भारत त्यात सामील झाला. त्याचेही १८ वे कलम याच स्वातंत्र्याचे आहे. या करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने १९९३ साली खुलासा केला की, ईश्वर न मानणाऱ्या मतालाही हे संरक्षण आहे. तेव्हा "देव नाही तो धर्म कसला?" असे कोणी म्हटले, तर हा खुलासा त्याच्यापुढे ठेवावा.

२. मन आणि आचरण

या हक्काचे दोन भाग आहेत. कोणता धर्म मानावा हा मनाचा भाग. त्यावर सरकारला कोणतीही मर्यादा घालता येत नाही, आणीबाणीतही नाही. मिरवणूक, सभा, ध्वनिक्षेपक हा आचरणाचा भाग. सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता व इतरांचे हक्क यांसाठी त्यावर कायद्याने आवश्यक तेवढीच मर्यादा घालता येते.

आता एक उदाहरण पाहा. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले. बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म मानावा, असे त्यात म्हटले. ते योग्यच झाले. पण हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात येण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी, असेही त्यात आहे. मनाच्या निर्णयाला परवानगी कशी मागता येईल? संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी आस्मा जहांगीर २००८ साली भारतात येऊन गेल्या. त्यांनीही आपल्या अहवालात धर्मांतरविरोधी कायद्यांवर टीका केली आहे.

३. सक्ती म्हणजे काय?

करार म्हणतो की, धर्म निवडण्याच्या स्वातंत्र्याला बाध येईल अशी सक्ती कोणावरही करू नये. सक्ती म्हणजे केवळ काठी नव्हे. शिक्षण, औषधोपचार, नोकरी यांची दारे अडवून माणसाला आपली श्रद्धा सोडायला किंवा बदलायला लावणे हीही सक्तीच, असे समितीने १९९३ च्या त्याच खुलाशात सांगितले आहे.

या कसोटीवर आपला इतिहास तपासा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली. परंतु अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात तेव्हा बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती पुढे दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. धर्म बदलला तरी गावाने जात विसरली नव्हती. तरीही त्या पिढीने कागदावर 'बौद्ध' लिहिले आणि किंमत मोजली. आज आपण ज्या सवलती घेतो, त्यांच्यामागे त्यांची चौतीस वर्षे उभी आहेत.

४. आपल्या घरात

जो नियम सरकारला, तोच आपल्याला. मुलाने दीक्षा घेतली आणि म्हातारीच्या देव्हाऱ्यातले टाक तिला न विचारता नदीत सोडून दिले, तर तो धम्म नव्हे. बावीस प्रतिज्ञा ज्याने घेतल्या त्याला त्या बांधतात. म्हातारीला समजावून सांगावे, विहारात सोबत न्यावे आणि वाट पाहावी. बाबासाहेबांनी नागपूरला प्रथम स्वतः दीक्षा घेतली, आणि मग ज्यांची इच्छा असेल त्यांना उभे राहायला सांगितले. आपल्या श्रद्धेप्रमाणे मुलांना शिकवण देण्याचे स्वातंत्र्य करार आईबापांना देतो. मात्र मुलांना पंचशील पाठ करून घेताना त्याचा अर्थ आणि कारणही सांगावे. तपासून पाहून स्वीकारा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते.

आपल्याला मिळालेले स्वातंत्र्य दुसऱ्याला देता आले, तरच ते आपल्याला समजले असे म्हणावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मनाचे स्वातंत्र्य आणि आचरणाचे स्वातंत्र्य यांत फरक कोणता?
२. १९५६ ते १९९० या काळात बौद्धांना कोणती किंमत मोजावी लागली? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
३. आपल्या घरात दीक्षा न घेतलेले कोणी आहे काय? त्यांच्याशी आपण कसे वागतो?

जय भीम!