घर मोडले, तरी लेकरू सांभाळा

नवरा मारतो म्हणून बाई मुलांना घेऊन माहेरी येते. शेजारणी म्हणतात, "सुटली बिचारी!" पण ती खरेच सुटली काय? पुष्कळदा नाही. बायको हातची गेली, की मारणाऱ्याचा राग वाढतो. मग तो मुलांचे निमित्त करून दारात येतो. "पोरगा माझा आहे, उचलून नेईन," अशी धमकी देतो. म्हणून वेगळे झाल्यावरच जास्त जपावे लागते.

लेकराला स्वतःला मार बसला नाही, तरी आईला मारताना त्याने पाहिलेले असते. तेही त्याला लागतेच. आम्ही शाळेत अशी मुले पाहिली आहेत. ती दचकतात, गप्प बसतात, नाहीतर दुसऱ्यांना मारतात. त्यांना ठोंब्या म्हणू नये. जवळ घ्यावे.

आता कायदा पाहू. घरातल्या मारझोडीविरुद्धचा कायदा २००५ साली झाला. २००६ पासून तो लागू आहे. बाई माहेरी राहत असली, तर तिथल्याच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. सासरच्या गावी जावे लागत नाही. संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतात.

मॅजिस्ट्रेट काय करू शकतात?

१. बाईला त्रास देऊ नये, ती जाते-येते तिथे येऊ नये, असा हुकूम देतात. तो मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होतात.

२. मुलांचा तात्पुरता ताबा आईला देतात.

३. बापाने मुलांना कसे भेटावे ते ठरवतात. भेटीने मुलाला धोका असेल, तर भेट नाकारतात.

वकिलाला पैसे नाहीत? तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला आणि मुलाला फुकट वकील मिळतो. मिळकत किती, हे पाहत नाहीत.

घरी एवढे करा. मुलाला कोणी न्यायचे, ते मास्तरांना सांगून ठेवा. कोर्टाच्या हुकुमाची नक्कल शाळेत द्या. भीती वाटली तर पळत कोणाच्या घरी जायचे, ते मुलाला दाखवून ठेवा. हे आकडे त्याच्याकडून पाठ करून घ्या: मुलांसाठी १०९८, बायांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२.

आणखी एक. सगळेच बाप मारकुटे नसतात. बाप मायाळू असेल, तर मुलाला त्याच्यापासून तोडू नका. मुलाच्या हाती भांडणाचे निरोप देऊ नका. भांडण नवरा-बायकोचे, लेकरू दोघांचे.

विचार करा: तुमच्या आळीत असे लेकरू आहे काय? रात्री त्याने तुमची कडी वाजवली, तर तुम्ही दार उघडाल ना?